काडतुसाचा हिशेब ठेवणारी अ‍ॅनी

ठासणीची बंदूक चालवणाऱ्याला दुसरी संधी सहसा मिळत नाही. नळीत आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी गजाने ठासून बसवायची, शेवटी घोड्याखाली टोपी चढवायची. एवढे सोपस्कार होईपर्यंत ससा दोन शेते ओलांडून गेलेला असतो. शिवाय दारू, शिसे आणि टोपी या तिन्ही वस्तू रोख पैसे मोजून आणाव्या लागतात. ज्या घरात उद्याच्या भाकरीची भ्रांत असते, त्या घरात वाया गेलेला एक बार म्हणजे नुसता हुकलेला नेम नसतो, घरखर्चाला पडलेले भोक असते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डार्क परगण्यात १८७० च्या दशकात एक ठेंगणी, किडकिडीत मुलगी हाच हिशेब मनाशी मांडून रानात हिंडत असे. पुढे जगाने तिला अ‍ॅनी ओकली या नावाने ओळखले. तिच्यावर नाटके झाली, चित्रपट निघाले, ब्रॉडवेवर तिच्या नावाची संगीतिका गाजली; परंतु या साऱ्या झगमगाटात तो जुना हिशेब मात्र बहुतेकांच्या नजरेआड राहिला.

तिचे जन्मनाव फीबी अ‍ॅन मोझेस. जन्म १३ ऑगस्ट १८६० चा. आईवडील क्वेकर पंथाचे, म्हणजे शस्त्र आणि युद्ध या दोहोंपासून दूर राहणाऱ्या परंपरेतले. तरीही चुलीवरच्या भिंतीला वडिलांची जुनी लांब नळीची बंदूक टांगलेली असे. सीमेवरच्या शेतकऱ्याला पंथ कोणताही असला तरी शिकारीवाचून गत्यंतर नव्हते. एका हिमवादळात सापडलेले वडील घरी परतले ते गारठून गेलेले. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. १८६६ मध्ये ते वारले तेव्हा अ‍ॅनी साडेपाच वर्षांची होती. मागे विधवा आई आणि पोरवडा. आई सुईणपण व शुश्रूषेची कामे करून घर चालवू लागली, पण ते पुरेना. मुलगी आधी सापळे लावून पाखरे धरायला शिकली आणि आठव्या वर्षी तिने पहिल्यांदा वडिलांची बंदूक खाली काढून चालवली, असे ती पुढे सांगत असे.

त्यानंतरचा काळ तिने आयुष्यभर क्वचितच उघड केला. नऊ-दहा वर्षांची असताना तिची रवानगी परगण्याच्या अनाथालयवजा दवाखान्यात झाली. तिथे ती शिवणकाम शिकली. तिथूनच एका शेतकरी कुटुंबाने तान्ह्या मुलाला सांभाळायचे हलके काम, आठवड्याला पन्नास सेंट मजुरी आणि शिक्षण अशी आमिषे दाखवून तिला नेले. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला पहाटेपासूनचे राबणे, मारझोड आणि उपासमार आली. एकदा रफू करता करता डुलकी लागली म्हणून घरधनिणीने तिला अनवाणी पायांनी बर्फात बाहेर काढले होते. जवळपास दोन वर्षांनी ती तिथून पळाली. त्या कुटुंबाचे नाव तिने कधीच घेतले नाही; त्यांचा उल्लेख ती केवळ लांडगे असा करी. बाईमाणसाला आपले रक्षण आपल्याला करता आले पाहिजे, हा तिचा पुढचा आग्रह कुठून आला असेल, याचा शोध घेणाऱ्याने या दोन वर्षांपाशी थांबायला हरकत नाही. भय तिला रस्त्यावर भेटले नव्हते, चार भिंतींच्या आतच भेटले होते.

घरी परतल्यावर मात्र तिने बंदूक खाली ठेवली नाही. ग्रीनव्हिल गावात कॅट्झनबर्गर बंधूंचे दुकान होते. अ‍ॅनी लावे, रानकोंबड्या, ससे मारून आणी. दुकानदार ती पारध विकत घेऊन सिनसिनाटीच्या हॉटेलांकडे धाडत. तिने टिपलेल्या पाखराच्या मांसात छरे सापडत नसत, नेम डोक्यावर लागलेला असे, म्हणून हॉटेलवाले तिचा माल आवडीने घेत असे सांगितले जाते. यात कौशल्याबरोबरच व्यवहार होता. मांस फाटले तर भाव पडतो, दोन बार लागले तर नफा जातो. दुकानात पारध द्यायची आणि तिथूनच दारूगोळा घ्यायचा असा हा चक्राकार व्यापार होता. एकदा या बंधूंनी तिला उत्तम प्रतीच्या दारूचा डबा, छरे आणि टोप्यांच्या डब्या भेट म्हणून पाठवल्या. त्या वयाच्या मुलींना बाहुल्या, फिती मिळत. या मुलीला झालेला आनंद चांगल्या दारूचा होता. स्वस्त दारू ओलसर, कमीजास्त भरडलेली असायची. तिच्या प्रत्येक बाराचा जोर वेगळा आणि म्हणून प्रत्येक वेळी नेमही वेगळा. स्वस्तातला माल महाग पडतो हे तिला खांद्याला बसलेल्या धक्क्यांनी शिकवले होते. पंधरा वर्षांची होईतो तिने आईच्या शेतावरचे दोनशे डॉलरचे गहाण फेडले. आयुष्यात पुढे राजेरजवाड्यांकडून पदके मिळाली, पण या दोनशे डॉलरांचा अभिमान ती कायम बाळगून होती.

फ्रँक बटलर हा आयर्लंडहून आलेला फिरता नेमबाज. सिनसिनाटीत त्याने कोणाही स्थानिक नेमबाजाला शंभर डॉलरच्या पैजेचे आव्हान दिले आणि समोर उभी राहिली ती पाच फूट उंचीची ही मुलगी. पंचवीस नेमांची शर्यत. फ्रँकचा अखेरचा नेम हुकला, अ‍ॅनीचा लागला. ही गोष्ट १८७५ ची म्हणून सांगितली जाते, काही अभ्यासक ती १८८१ ची मानतात. वर्ष कुठलेही असो, हरलेला गडी प्रेमात पडला, दोघांचे लग्न झाले आणि ते पन्नास वर्षांच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी, पण अखेरपर्यंत टिकले. १८८२ मध्ये फ्रँकचा जोडीदार आजारी पडला म्हणून अ‍ॅनी रंगमंचावर उभी राहिली आणि तिने ओकली हे नाव घेतले. थोड्याच काळात फ्रँकच्या ध्यानात आले की, लोक कोणाला पाहायला येतात. तो बाजूला झाला. तिच्यासाठी चेंडू उडवणे, काडतुसे भरणे, करार करणे, पैसे मोजणे ही कामे त्याने आपलीशी केली. त्या काळातल्या पुरुषाच्या दृष्टीने हा त्याग लहान नव्हता आणि त्याविषयी त्याने कुरकूर केल्याचे कुठे दिसत नाही.

आता थोडे काडतुसांविषयी. अ‍ॅनीच्या जन्माआधी तीनच वर्षे, १८५७ मध्ये, स्मिथ अँड वेसन या कंपनीने लहानशा रिव्हॉल्व्हरसाठी धातूच्या कवचातले पॉइंट टू टू काडतूस बाजारात आणले होते. दारू, गोळी आणि ठिणगी पेटवणारे रसायन, सारे एकाच कवचात. आपल्याकडे एनसीसीत ज्यांनी रायफल हाती धरली असेल, त्यांना हेच घराणे आठवेल. ही काडतुसे स्वस्त, आवाज माफक, धक्का नाममात्र. सरावासाठी अगदी योग्य. मात्र यांचे रिकामे कवच पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट उलटी. त्यांचे काडतूस महाग, पण पितळी कवच जपून ठेवले तर मागची टोपी बदलून, मोजून दारू घालून आणि घरी साच्यात ओतलेली शिशाची गोळी बसवून तेच कवच पुनःपुन्हा वापरता येई. म्हणून त्या काळचे काटकसरी अमेरिकी नेमबाज रिकामी कवचे फेकत नसत. बंदिस्त दालनातल्या सरावासाठी तर ते दारू अगदी थोडी घालून हलकी गोळी भरत. खर्च कमी आणि भिंतीलाही धोका कमी.

अ‍ॅनी आणि फ्रँक या साऱ्या कलांत मुरलेले होते. १८८४ मध्ये ओहायोतील टिफिन गावी तिने पॉइंट टू टू रायफलीने हवेत उडवलेल्या एक हजार काचेच्या चेंडूंपैकी ९४३ फोडले. पुढल्या वर्षी सिनसिनाटीत छऱ्यांच्या बंदुका घेऊन एका दिवसात पाच हजारांपैकी ४,७७२ चेंडू उडवले आणि त्या बंदुका दिवसभर तिने स्वतःच भरल्या. या आकड्यांचे आपण कौतुक करतो ते अचूकतेसाठी. पण पाच हजार बार म्हणजे पाच हजार वेळा मोजून घातलेली दारू, हेही लक्षात घ्यावे. काचेचे चेंडूही फुकट येत नसत. सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने १८८० मध्ये मातीच्या तबकड्या काढल्या आणि त्या सोयीच्या ठरल्यामुळे हळूहळू काचेचे चेंडू मागे पडले.

१८८५ मध्ये ती बफेलो बिल कोडीच्या वाइल्ड वेस्ट या प्रचंड फिरत्या खेळात दाखल झाली आणि पुढली सोळा-सतरा वर्षे, मधला थोडा खंड वगळता, तिथेच राहिली. या वर्षांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सू जमातीचा प्रमुख सिटिंग बुल याने तिला मानसकन्या मानून छोटी अचूक नेमबाज असे नाव दिले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिने लंडन जिंकले. १८९४ मध्ये एडिसनच्या कॅमेऱ्याने तिला टिपले. ती आरशात पाहून पाठीमागचा नेम साधे, पत्त्याची कड उडवी. तिने भोके पाडलेल्या पत्त्यांवरून अमेरिकेत नाटकाच्या फुकट तिकिटालाच अ‍ॅनी ओकली म्हणू लागले, कारण अशा तिकिटाला भोक पाडलेले असे.

पण पडद्यामागे दारूगोळ्याचीच चिंता होती. हजारो प्रेक्षकांच्या मध्ये खरी गोळी झाडली तर ती कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. म्हणून या खेळात घोड्यावरून रायफली झाडताना काडतुसात गोळीऐवजी बारीक छरे आणि कमी दारू भरत. खेळाच्या सुरुवातीलाच अ‍ॅनीला पुढे करण्यामागेही असाच विचार होता. पहिले बार हलके, मग क्रमाने मोठे. एक नाजूक बाई हसतमुखाने बंदूक चालवते आहे हे पाहिले की प्रेक्षकांतल्या बायकामुलांची भीती मोडे. १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी चमू फ्रान्सला गेला तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. तिथे दारूवर सरकारची मक्तेदारी, बाहेरची दारू आणायला बंदी. फ्रेंच दारू तिच्या बंदुकांना मानवेना. तेव्हा इंग्लंडमधली तिची नेहमीची दारू शेकायच्या रबरी पिशव्यांत भरून, बायकांच्या घेरदार झग्यांखाली दडवून जकातीच्या नाक्यावरून पार केली गेली, असा किस्सा चरित्रकार सांगतात. कायद्याने चालणाऱ्या या बाईने आयुष्यात केलेला एकमेव म्हणावा असा गुन्हा, तोही चांगल्या दारूपायी!

१९०१ च्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलिनात वाइल्ड वेस्टच्या आगगाडीला अपघात झाला. त्यानंतर तिने तो खेळ सोडला. त्याच सुमारास फ्रँकने युनियन मेटॅलिक कार्ट्रिज या काडतुसे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीची नोकरी धरली. गावोगावच्या नेमबाजी मंडळांत जाऊन कंपनीची काडतुसे चालवून दाखवायची, हे त्याचे काम. कधीकाळी एका डब्याभर दारूने हरखून गेलेल्या मुलीच्या घरी काडतुसांचा तुटवडा राहिला नाही तो असा.

आणि नेमक्या याच काळात तिच्यावर जो हल्ला झाला, त्यावर कोणत्याही काडतुसाचा इलाज नव्हता. ११ ऑगस्ट १९०३ रोजी शिकागोहून बातमी सुटली की, अ‍ॅनी ओकली कोकेनच्या व्यसनापायी चोरी करताना पकडली जाऊन तुरुंगात पडली आहे. पकडलेली बाई भलतीच होती. ओकलीच्या नावाशी मिळतेजुळते नाव लावून हलक्याफुलक्या खेळांत काम करणारी. पण विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रातली ही बातमी खातरजमा न करता देशभरच्या वृत्तपत्रांनी छापली. चाळीस वर्षे स्वच्छ चारित्र्य हीच जिची पुंजी, तिला हा घाव वर्मी लागला. बहुतेक वृत्तपत्रांनी दिलगिरी छापली. तिला ती पुरेशी वाटली नाही. तिने पंचावन्न वृत्तपत्रांवर बदनामीचे दावे गुदरले आणि सुमारे सात वर्षे ती गावोगावच्या न्यायालयांत साक्ष देत हिंडली. हर्स्टने तिच्या जन्मगावी गुप्तहेर पाठवून काही काळेबेरे सापडते का ते पाहिले. काही सापडले नाही. पंचावन्नांपैकी चौपन्न दाव्यांत निकाल किंवा तडजोड तिच्या बाजूने झाली. एकट्या हर्स्टला २७,५०० डॉलर मोजावे लागले. पण वकिलांचा खर्च, प्रवास आणि बुडालेले कार्यक्रम धरता तिच्या हाती फारसे उरले नाही. काडतूस वाया घालवू नये म्हणून जपणारी ही बाई इथे मात्र खर्चाचा हिशेब करायला बसली नाही.

घराच्या संरक्षणाविषयीचे तिचे मत ठाम होते. स्त्रीने रिव्हॉल्व्हर बाळगावे, पण त्याआधी ते चालवण्याचा सराव करावा. खणात कुलूपबंद पडलेले, कधी न झाडलेले हत्यार तिला निरुपयोगीच नव्हे तर घातक वाटे. एकटीने रस्त्याने जाणाऱ्या बाईने ते पिशवीत ठेवले तर गरजेच्या क्षणी हाताला लागत नाही, म्हणून छत्रीच्या घडीआड ते हाती कसे धरावे हे तिने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना दाखवले होते. आज हे चित्र थोडे गमतीचे वाटते. घरात भरलेले शस्त्र असल्याने घर सुरक्षित होते की त्याच घरातल्यांना अधिक धोका संभवतो, यावर अमेरिकेत पुढे जो वाद पेटला, त्याची उत्तरे अ‍ॅनीच्या आयुष्यात शोधून सापडणार नाहीत. तिने माणसावर कधी गोळी झाडल्याचा उल्लेख नाही. शिवाय स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती उघडपणे उतरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. बायकांच्या हाती बंदूक देण्यास उत्सुक असलेली ही बाई मतपत्रिकेबाबत मात्र बिचकत होती.

देशाच्या कामी येण्याची तिची तयारी होती. स्पेनशी युद्ध जुंपण्याच्या बेतात असताना, एप्रिल १८९८ मध्ये, तिने अध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र धाडून पन्नास स्त्री नेमबाजांची तुकडी देऊ केली. शस्त्रे आणि दारूगोळा या स्त्रिया आपला आपण आणतील, सरकारला त्याचा भुर्दंड पडणार नाही, असे त्यात आवर्जून नमूद होते. सरकारने हा प्रस्ताव स्वीकारला नाही. १९१७ मध्येही तिने असाच देकार दिला, तोही नाकारला गेला. मग ती स्वखर्चाने सैन्याच्या छावण्यांतून नेमबाजीची प्रात्यक्षिके देत फिरली. सोबत डेव्ह हा कुत्रा. प्रेक्षकांनी लपवलेल्या नोटा तो वासाने शोधून काढी आणि ते पैसे रेडक्रॉसला जात.

तिच्या उत्तरायुष्यातला सर्वांत समाधानाचा काळ गेला तो नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्ट येथे. या धनिकांच्या विश्रामस्थळी १९१५ पासून हिवाळ्यात ती स्त्रियांना नेमबाजी शिकवू लागली. या शिकवण्याचे ती पैसे घेत नसे. बंदुकीला कधी हात न लावलेल्या बायका यायच्या; आवाजाला दचकायच्या, डोळे मिटून चाप ओढायच्या. त्यांच्याशी ही साठीकडे झुकलेली, पांढऱ्या केसांची बाई न कंटाळता झटापट करी. आयुष्यभरात तिने सुमारे पंधरा हजार स्त्रियांना शिकवले असे सांगतात. आकडा थोडा फुगलेला असेलही. पण ज्या मुलीला सरावाचा प्रत्येक बार भाकरीतून कापून घ्यावा लागला होता, तिने दुसऱ्यांच्या सरावाला किंमत लावली नाही, यात शंका नाही. आपली सोन्याची पदके वितळवून आलेला पैसा तिने क्षयरोग्यांच्या रुग्णालयाला दिला, अशीही नोंद आहे.

१९२२ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पाइनहर्स्टला तिने सोळा यार्डांवरून ओळीने शंभर तबकड्या फोडल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्लॉरिडात मोटार उलटून तिचे कंबरेचे हाड मोडले. पायाला लोखंडी आधार लागला. तरीही पुढे ती पुन्हा बंदूक घेऊन उभी राहिली. पण शरीर खंगत चालले होते. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिलमध्ये, जिथे तिने पहिली पारध विकली त्याच गावात, ती वारली. फ्रँक त्या वेळी मिशिगनमध्ये आजारी होता. त्याने अन्न सोडले आणि अठरा दिवसांनी तोही गेला. दोघांच्या समाध्या डार्क परगण्यातच, ब्रॉक येथे शेजारी शेजारी आहेत. ग्रीनव्हिलच्या गार्स्ट संग्रहालयात तिच्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत.